ब्लोअर लावण्याआधी आम्हाला खाली उतरवलंत, म्हणून

दादा,

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे कळलंय मला. गाडी ताब्यात घेताना मी बोलायला लागले तर तुम्ही "बरं, बरं" म्हणत पुढच्या गाडीच्या बॉनेटवर चादर टाकायला निघून गेलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथून तुम्हाला निघून जाता येणार नाही.

आधी कामाचं सांगते. गाडीची पुढची काच उत्तम बसलीय. पाण्याचा थेंब आत येत नाही, वेगात शिट्टी वाजत नाही, डॅशबोर्डवर कुठे कुरकुर नाही. पण हे पत्र काचेसाठी नाही. काचेचे पैसे घेतलेत, काच बसवलीत, तो हिशोब तिथेच मिटला. पत्र आहे ते ब्लोअरसाठी.

तुमच्या लक्षातही नसेल. काम आटोपलं होतं, गम वाळायची वेळही होऊन गेली होती, आणि आई सवयीने पुढचं दार उघडून बसायला निघाली. तुम्ही हातातली पक्कड तशीच ठेवून धावत आलात. "मावशी, थांबा. अजून कुणी बसायचं नाही." आम्हा सगळ्यांना चार पावलं मागे उभं केलंत. मग डोळ्यांवर कामाचा चष्मा चढवलात, तोंडाला फडकं बांधलंत, चारही खिडक्या खाली घेतल्यात आणि एकटे आत बसून हवेचा रोख काचेकडे वळवून ब्लोअर पूर्ण सोडलात. बाहेर उभ्या असलेल्या आम्हालाही आवाज आला. टिक, टिक, टिक. जुनी काच कापताना हवेच्या जाळीत पडलेला चुरा नव्या काचेवर आपटत होता.

ब्लोअर बंद केलात, व्हॅक्यूमची नळी जाळीला लावलीत, परत ब्लोअर. मग डॅशबोर्डवर काळं फडकं पसरून पुन्हा एकदा. ते फडकं बाहेर आणून उन्हात तिरकं धरलंत. काहीतरी चमकलं. तुम्ही तोंडातल्या तोंडात पुटपुटलात आणि परत आत गेलात. फडक्यावर काहीच चमकेना, तेव्हा कुठे आईकडे वळून म्हणालात, "आता बसा, मावशी."

आता यात काय मोठंसं, असं वाचणाऱ्यांना वाटेल. त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगावं लागेल, आणि ते तुम्हालाही माहीत नाही, कारण आम्ही तुम्हाला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

तुमच्या आधी ही काच एकदा बदलून झाली होती. दुकानाचं नाव घेत नाही. चकचकीत दुकान, थंडगार खोली, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, छापील वॉरंटी कार्ड. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्याने काचेला चांदणीसारखा टवका पडला होता, नखाएवढा. चालवणाऱ्याच्या नजरेच्या आड, कडेपासून लांब. असा टवका वेळेत गेलं तर भरता येतो. आतली हवा ओढून घेऊन रेझिन, म्हणजे पारदर्शक चिकट द्रव, सोडतात आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतात. हे मी त्यांना विचारलं. "भरलेलं टिकत नाही मॅडम, काच बदला." बदलली. गाडी दुपारी दिली आणि संध्याकाळी वायपर चालू असताना काच आतून धुरकट झाली म्हणून ब्लोअर लावला, तर शेजारी बसलेल्या आईने एकदम डोळा गच्च मिटला. काचेचा कण. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो काढला, नजरेला काही झालं नाही, एवढं नशीब. पण तेव्हापासून मी ब्लोअरच्या बटणाकडे हात नेला की तिचा हात आपोआप डोळ्यांवर जातो. मागच्या सीटवर बसूनसुद्धा.

दुकानात सांगायला गेलो तर म्हणाले, काचेचं काम आहे, थोडंफार उडणारच.

आणि तुम्ही, कुणी न सांगता, आधी स्वतःच्या तोंडासमोर ते उडवून घेतलंत.

खरं तर एवढ्यावर पत्र संपायला हवं. पण त्या चकचकीत दुकानाबद्दल माझ्या मनात अजून बरंच साठलंय आणि तुम्ही त्यांच्याविषयी वाईट बोलायला तयार नाही, तेव्हा ते काम मलाच करू द्या.

पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचा गालिचा पिळून काढण्याइतका भिजला. शिट्टी तर पहिल्या दिवसापासून होतीच. "नवीन आहे, बसेल हळूहळू." मग बाहेरून सिलिकॉनचा लेप फासून दिला, जणू गळक्या माठाला मेण. आणि एके सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेला खालच्या कोपऱ्यातून तडा गेलेला. हातभर लांब, वळण घेत वर गेलेला. गाडीला कुणी हात लावला नव्हता. दुकानाचं उत्तर तयार होतं: दगड लागला असणार, दगडाला वॉरंटी नाही.

तुम्ही काय केलंत? वाकलात आणि तडा जिथून निघाला होता तिथे अंगठ्याचं नख फिरवलंत. मग मला म्हणालात, तुम्हीपण फिरवून बघा. "खळगा लागतोय का नखाला? नाही ना? दगड लागला असता तर टवका उडाला असता. ही काच दाबाने गेलीय." इतकी साधी परीक्षा. त्या इस्त्रीच्या शर्टाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ठाऊक असूनच त्याने नख वापरलं नाही.

काच निघाल्यावर दाब कुठून आला तेही तुम्ही दाखवलंत. जुना गम कापताना पातं पत्र्यावर ओरखडलेलं होतं, त्या ओरखड्यावर प्रायमरचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराचा, हातच फिरवलेला नव्हता. ओरखड्याला पाणी लागलं, गंज धरला, गंज फुगला, रंगाखाली फोड आल्यासारखा पत्रा वर आला आणि काचेची कड त्याच्यावर टेकली. गमाने तिथे पत्रा सोडला होता, म्हणून पाणी. गम एकसारखा लागलेला नव्हता, म्हणून शिट्टी. मी रागाने काहीतरी बोलले, त्यावर तुमचं उत्तर एवढंच: "घाईत झालं असेल." मी इतकी उदार नाही, दादा. पण आधीचं काम कुणाकडे केलं होतं हेसुद्धा तुम्ही विचारलं नाहीत, हे मात्र लक्षात राहिलं. आपल्याकडे एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही अशी रीतच पडून गेलीय.

तो गंज खरवडून, प्रायमर लावून, तो सुकेपर्यंत थांबून मगच तुम्ही पुढे गेलात. हे सगळं काचेच्या कडेच्या काळ्या पट्ट्याखाली झाकलं जातं. तो पट्टा उन्हापासून गमाला जपण्यासाठी असतो, पण लबाडी झाकायलाही तो तितकाच सोयीचा. गाडी घेऊन गेल्यावर कुठलं गिऱ्हाईक काच उचकटून खालचा पत्रा बघतं?

घरी आल्यावर मी या काचेबद्दल थोडं वाचलं, कारण एवढी तडकलेली काच खाली कशी पडली नाही हे मला कळत नव्हतं. पुढची काच म्हणजे मुळात दोन काचा आणि मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पारदर्शक पडदा. बाजूच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या की त्यांचे साखरेसारखे दाणे होतात. पुढची मात्र तडकली तरी त्या पडद्याला चिकटून राहते. या कल्पनेचं मूळ एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाकडे जातं. १९०३ साली त्याच्या हातून काचेचा चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेट या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा थर वाळून बसला होता. चंबू नीट धुतलेला नव्हता म्हणून तो थर राहिला, असं सांगतात. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. म्हणजे शंभरेक वर्षांत एकदा कुणाचा तरी गबाळेपणा जगाच्या कामी आला. आमच्या त्या दुकानाने हा धडा फारच मनावर घेतलेला दिसतो.

असो. तुमच्याकडे वळते.

गाडी कधी मिळेल, म्हणून माझा भाऊ सारखा घड्याळ बघत होता. तुम्ही त्याला गमाची नळी दाखवलीत. हा युरेथेन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो, कोरड्या आणि थंड हवेत जास्त वेळ घेतो, कंपनीने नळीवर जी वेळ छापलीय त्याआधी गाडी हलणार नाही. भाऊ म्हणाला, हळू चालवतो ना. तेव्हा तुम्ही आईकडे बोट दाखवलंत. "पुढे कोण बसतं? मावशी? मग ऐका. त्या बाजूची एअरबॅग उघडताना वर काचेवर आदळते आणि तिथून माणसाकडे येते. काच जागेवर नसेल तर बॅग काचेलाच घेऊन बाहेर जाईल." भाऊ गप्प बसला. आमच्या घरात त्याला गप्प बसवणं सोपं नाही, हे वेगळे आभार. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून ही काचही भार घेते, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते सांगितलं नाहीत, बहुधा आईसमोर नको म्हणून.

आणि कॅमेरा. आरशामागे बसवलेला तो छोटा कॅमेरा काच बदलली की पुन्हा मापात आणावा लागतो. मागच्या दुकानात विचारलं तर "त्याला काय होतंय?" म्हणून हसले होते. तुम्ही सरळ म्हणालात, "ते यंत्र माझ्याकडे नाही. कुठे होतं ते लिहून देतो. ते होईपर्यंत गाडी आपणहून ब्रेक लावेल, रस्त्यावरची लेन सुटली की सांगेल, असं धरून चालू नका." कॅमेऱ्याचा रोख १ अंशाने सरकला तरी १०० मीटरवर तो फरक पावणेदोन मीटर होतो, हे घरी भाच्याने गणित करून दाखवलं. पावणेदोन मीटर म्हणजे शेजारची गाडी आपल्या वाटेत आहे की नाही, याचाच प्रश्न. मला येत नाही, हे वाक्य पैसे घेणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून किती काळ लोटला होता, दादा.

सगळीकडे बोलबाला लबाडांचा असतो, कारण त्यांच्यामुळे आपलं अडतं आणि अडलं की आपण बोलतो. जे नीट करतात त्यांच्यामुळे काहीच अडत नाही, म्हणून त्यांचं नावही निघत नाही. सलाईन लावून झाल्यावर जाता जाता पेशंटच्या पायावर पांघरूण ओढणारी सिस्टर, वायरिंग संपल्यावर मुलांचा हात पोचेल ती सगळी बटणं स्वतः दाबून बघणारा वायरमन, आणि तुम्ही. यातलं काहीही बिलात नसतं. बिलात लिहायला जागाच नाही. आई म्हणते, अशा माणसांच्या घरचे लोक भाग्यवान. मला वाटतं, त्यांचं गिऱ्हाईक जास्त भाग्यवान, कारण घरच्यांवर माया कोणीही करतो. तुम्ही तर मावशीचं नावही विचारलं नव्हतं.

ब्लोअरचं विचाराल तर आईचा हात अजून उठतो. सवय इतक्यात जाणार नाही. पण हल्ली तो अर्ध्यावर थांबतो, आणि मग तीच हसते आणि म्हणते, त्या काचवाल्याने आधी स्वतः खाल्लंय सगळं.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळलं. पहिला दिवस खिडकी बोटभर उघडी ठेवली आणि दार आपटू दिलं नाही. आतली कोंडलेली हवा ओल्या गमाला बाहेर ढकलते, हे आता भाऊच येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतो. कडेच्या चिकटपट्ट्या तुम्ही म्हणालात तेव्हाच काढल्या. जुने वायपर टाकून दिले, त्यांचं झिजलेलं रबर नव्या काचेवर रेघा ओढेल म्हणाला होतात. कॅमेरा मापात आणून घेतला.

आणखी एक. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला परवा टवका पडलाय. ते त्याच चकचकीत दुकानात निघाले होते, मी त्यांना अडवलं. टवक्यात धूळ-पाणी जाऊ नये म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी लावायला सांगितलीय, आणि तापलेल्या काचेवर एकदम गार हवा सोडू नका म्हणून बजावलंय. तुमच्याकडे पाठवतेय. भरून निघत असेल तर भरून द्या, नसेल तर तसं सांगा. तुम्ही जे सांगाल ते ते ऐकतील, एवढं मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय.

तुमची,
मावशींची लेक