फिरत्या घराचा दसरा

ऑस्टिन, टेक्सस
२१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

उद्या घटस्थापना. म्हणजे आई, तुझा दसरा काढून झाला असेल. पूर्वी आपण दोघी गोधड्या घेऊन गडनदीवर जायचो. ओल्या गोधडीचं एक टोक तू धरायचीस, एक मी, आणि पिळताना दरवेळी माझंच टोक सुटायचं. काल आणि आज मीही दसराच काढला. घराचा नव्हे, ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या आमच्या फिरत्या घराचा.

गेल्या रविवारी व्हिडिओवर तू मला हातमोजे घालून, जाड नळी धरून उभी असलेली पाहिलंस. आम्ही समुद्रकाठच्या पाद्रे आयलंडवरून निघत होतो आणि मी संडासाची टाकी रिकामी करत होते. तू आधी गप्प झालीस. मग म्हणालीस, “ह्येच्यासाठी शिकलंस काय गो बाय?” तेवढ्यात रेंज गेली. त्यानंतर आपलं दोनदा बोलणं झालं, पण तू तो विषय काढला नाहीस आणि मलाही काढता आला नाही. फोनवर तू लगेच “जेवलीस काय?” वर येतेस. म्हणून पत्र लिहितेय.

पण आधी बाबांचं. बाबा, तुम्ही विचारलं होतंत की बावीस फुटांची गाडी घरच्या घरी धुता कशी, रॅम्प नाही, काही नाही. तुम्ही डेपोत धुवायचात तशीच, टपापासून खाली. वरचं पाणी शेवटी खालीच येणार. फरक एवढाच की ह्याचा टप पत्र्याचा नाही. लाकडी फळ्यांवर पांढऱ्या रबराची चादर चिकटवलेली असते, तिला ईपीडीएम म्हणतात. तिला रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन अजिबात चालत नाही. रबर फुगतं आणि फळीपासून सुटतं. तेव्हा तुमचा रॉकेलचा बोळा इथे बंद. बादलीभर पाण्यात सौम्य साबण आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश, बस. उन्हाने त्या रबराची वरची साय पिठासारखी सुटत राहते. तीच पावसात वाहून येते आणि बाजूंवर काळपट ओघळ उठतात. टप धुतल्याशिवाय कितीही वेळा बाजू घासल्या तरी पहिल्या पावसात ओघळ परत हजर.

टपावर गेले की मी ब्रश बाजूला ठेवते आणि आधी बोटं फिरवते. झरोक्यांच्या कडेने, एसीच्या भोवती, पुढच्या-मागच्या सांध्यांवर लांबीसारखा मऊ मसाला भरलेला असतो. तो बोटाला लवचीक लागला पाहिजे. कडक लागला, किंवा केसाएवढी चीर दिसली, तर तिथून पाणी आत शिरणार, फळी कुजणार आणि बाहेरून काही कळणारसुद्धा नाही. मे महिन्यात तुम्ही माळ्यावर चढून एकेक कौल परतायचात, फुटकं हातानेच ओळखायचात, ते मला दरवेळी आठवतं. ह्या वेळी पुढच्या झरोक्यापाशी बोटभर चीर सापडली. पुसून, सुकवून नवा मसाला भरला. धुण्याच्या सगळ्या कामात मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. गाडी मळकी राहिली तर चालेल, पण पाणी आत जाता कामा नये.

हे मी चूक करून शिकले आहे. २०२२ साली जुना ट्रेलर घेतला तेव्हा मी हौसेने भाड्याचं प्रेशर मशीन आणलं आणि हातभर अंतरावरून जोरात मारलं. बाजूवरचा निळा पट्टा सोलून निघाला, आणि खिडकीच्या कडेने पाणी आत गेलं ते दोन आठवड्यांनी आतली भिंत फुगल्यावर समजलं. ती भिंत आम्ही दोघांनी मिळून काढली, तेव्हा आतून ओल्या पाटासारखा वास आला. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, तुम्ही काळजी कराल म्हणून. आता भिंत चांगली आहे. मशीन परत कधी आणलं नाही.

समोरच्या बाजूची गोष्ट वेगळी. मे आणि सप्टेंबर ह्या दोन महिन्यांत इथे समुद्राच्या बाजूच्या हायवेवर लवबग नावाचे किडे उठतात. काळे, पाठीवर तांबडा ठिपका, आणि उडतात ते जोडीने, एकमेकांना चिकटून. ट्रेलरच्या नाकावर ते शेकड्याने आपटतात. एक-दोन दिवस तसेच राहिले की त्यांचा रस आंबट होतो आणि रंग खातो. घासावं तर रंगावर चरे. मग मी काय करते सांगू? आई, तू दिलेल्या त्या जुन्या सुती साड्या. त्यांचे हात-दीड हाताचे तुकडे केलेत. साबणाच्या पाण्यात भिजवून समोर थापून ठेवायचे, पोटीस ठेवतात तसे, आणि दहा-पंधरा मिनिटं हलवायचं नाही. मग वरून खाली एकदाच अलगद ओढायचं. ह्या वेळी आल्या दिवशीच तुझ्या जांभळ्या काठाच्या साडीचा तुकडा ओढला तेव्हा सगळ्या वाटेचे किडे त्याच्याबरोबर उतरले आणि खालचा पांढरा रंग जसाच्या तसा होता. दुकानात ह्या कामासाठी खास कापडं मिळतात. ह्या साड्यांइतकं मऊ एकही नाही.

उन्हात धुवायचं नाही. आमच्याकडचं पाणी चुनखडीतलं, वाळलं की पांढरे डाग पडतात. म्हणून पहाटे सहाला सुरुवात, आणि एकेक बाजू धुतली की लगेच पुसायची. शिवाय गावात पाण्याचे निर्बंध आहेत, नळीच्या तोंडाला बोट सोडताच बंद होणारी तोटी लागते. आमच्या सोसायटीत ट्रेलर दारात दोन दिवसांवर ठेवता येत नाही, तेव्हा जे करायचं ते शनिवार-रविवारातच.

आता मीठ. बाबा, हे तुम्हीच शिकवलंत. तारकर्लीहून परत आलो की तुम्ही बजाज दारात उभी करून आधी खालून धुवायचात, मग फडक्याने तेल लावायचात, आणि मी म्हणायचे वर तर चिखल तसाच आहे. पाद्रे आयलंड म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची लांबलचक पट्टी, शंभर किलोमीटरच्या वर, आणि बहुतेक भागात एक घर नाही. रात्रभर खारा वारा. तिथल्या मलाकीट कॅम्पग्राउंडवर तीन रात्री राहिलो तर ट्रेलरच्या दांड्यावर बोट फिरवलं की मिठाचा थर लागत होता. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे गवतावर आडवं पडून खालची चौकट, ॲक्सल, पाटे आणि पाट्यांचे बोल्ट गोड्या पाण्याने साध्या नळीने धुतले. चाकाच्या हबवर जोराचं पाणी मारायचं नाही, बेरिंगचं ग्रीस जातं, हेही तुमचंच. ट्रेलर गाडीला ज्यावर जोडतात तो गोळा पुसून त्याला नवं ग्रीस लावलं. ह्या वर्षी डावीकडच्या मागच्या पाट्याच्या शॅकलवर, म्हणजे पाटा चौकटीला धरणाऱ्या पट्टीवर, गंज धरलेला दिसला. तारेच्या ब्रशने घासून प्रायमर लावलाय. फोटो पाठवते, बघून सांगा एवढं पुरेल की बोल्टच बदलू.

बाकीचं थोडक्यात. बाहेरची कापडी छत्री पूर्ण उघडून धुतली आणि पूर्ण वाळल्यावरच गुंडाळली, नाहीतर बुरशी. आत वाळू. ओल्या फडक्याला हात लावायच्या आधी सगळं कोरडंच झाडायचं, गाद्या उभ्या करायच्या, फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवायचं. पिण्याच्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची, तिच्यात वासाचं नसलेलं ब्लीच साधारण दीडशे मिलीलिटर, आधी पाण्यात मिसळून. सगळे नळ सोडून वास येईपर्यंत फिरवायचं, रात्रभर ठेवायचं आणि मग वास जाईपर्यंत धुवायचं. पावसाळ्यात आपल्या विहिरीत टीसीएल टाकतात, तसंच.

आता आई, तुझं.

ट्रेलरच्या पोटात दोन टाक्या असतात. एक संडासाची, साधारण शंभर लिटरची. दुसरी मोरीच्या आणि आंघोळीच्या पाण्याची. निघायच्या दिवशी कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर जायचं, जमिनीतल्या गटाराच्या तोंडाला नळी घट्ट बसवायची आणि आधी संडासाच्या टाकीचा दांडा ओढायचा. ती पूर्ण रिकामी झाली की मग दुसरी सोडायची, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. नळीच्या कोपऱ्याला पारदर्शक तुकडा असतो, त्यातून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं. हाताला काही लागत नाही. नंतर टाकीत चार-पाच लिटर पाणी आणि घाण कुजवणाऱ्या जंतूंचं औषध घालायचं, आपण वापरलेली फरशी पुढच्या माणसासाठी धुवायची, मोजे काढायचे, साबणाने हात धुवायचे. सगळं मिळून वीस मिनिटं. त्या रांगेत आमच्यापुढे सत्तरीतलं जोडपं होतं. बाई नळी धरत होत्या, नवरा फरशी धूत होता.

तू विचारलंस ह्यासाठी शिकलीस का. मला शाळेतली सहल आठवली. सहावीत असताना गोपुरीला नेलं होतं, घरापासून चालत जाण्याएवढं. बाईंनी अप्पा पटवर्धनांचं सांगितलं होतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास साफ करायचं काम मागितलं, ते मिळेना म्हणून अन्न सोडलं, आणि तिकडे येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास धरला. मग कणकवलीत येऊन त्यांनी संडास बांधले, सोनखत केलं, स्वतःच्या हाताने. एवढा शिकलेला माणूस. आपल्या देशात हे काम अजून जन्मावरून कुणाच्या तरी माथी मारलं जातं, मोज्यांशिवाय, नाकाला फडकं बांधून, ह्याची मला लाज वाटते. आपल्या घराची घाण आपण उचलली ह्याची नाही वाटत.

आणि तू कुणाला विचारतेस? आजी आठ महिने अंथरुणाला होती. पहाटे पाचला तिचं भांडं तू काढायचीस, धुऊन उन्हात उपडं घालायचीस, आणि मगच चुलीकडे जायचीस. मी एकदा नाक धरलं तर तू ओरडली नाहीस. नुसती बघितलंस. ते बघणं मी विसरलेले नाही.

पण खरं कारण दुसरंच आहे हे पत्र लिहायचं. मागच्या वर्षी मार्चमध्ये तुम्ही आलात तेव्हा आपण तीन दिवस ट्रेलर घेऊन फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला गेलो होतो. बाबा मजेत होते. तू मात्र संध्याकाळी चार वाजल्यानंतर पाणी प्यायची बंद झालीस. मी तांब्या भरून उशाशी ठेवायचे, तो सकाळी तेवढाच असायचा. दुसऱ्या रात्री दोन वाजता तू एकटी बॅटरी घेऊन कॅम्पच्या सार्वजनिक संडासाकडे चालत गेलीस, थंडीत, पायात माझ्या सपाता. घरी आल्यावर तुला जळजळ सुरू झाली आणि डॉक्टरकडे जावं लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की पाणी कमी पडलंय. मी तेव्हा समजले नाही. गेल्या रविवारी तुझा चेहरा बघितला तेव्हा समजलं. तुझं मला काढायला लागू नये म्हणून तू तहान मारलीस.

आई, असं परत करू नकोस. तू मला किती वर्षं धुतलंस ते मोजायला बसलीस तर माझी पाळी संपायचीच नाही. तिथे तू निर्धास्तपणे जा, कितीही वेळा जा. ती टाकी तुम्ही दोघं असताना दोन दिवसांनी भरते, एरवी चार दिवसांनी. मला वीस मिनिटं लागतात, ती मी आनंदाने देईन.

मार्चअखेर इथे रस्त्याच्या कडेने ब्लूबॉनेटची निळी फुलं येतात, मागच्या वेळी आपली थोडक्यात हुकली. तेव्हा या. बाबांच्या गुडघ्यासाठी दाराशी रुंद पायरी आणि पकडायला दांडा बसवून घेतलाय, काल त्यावर मी छोटीला घेऊन तीनदा चढ-उतार करून पाहिली. संडासाच्या बाजूलाही दांडा बसवलाय, आणि रात्री आपोआप लागणारा छोटा दिवा.

खंडेनवमीला ट्रेलरला हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून नारळ फोडणार आहे. झेंडू दारातलाच, छोटीने लावलेला. बाबा, शॅकलचं लवकर कळवा. आणि आई, येताना दोन जुन्या साड्या आण, सुती, नेसून नेसून अगदी मऊ झालेल्या. जांभळ्या काठाची आता संपत आली.

तुमची,
बाय