जॅकवरच्या गाडीखाली झोपलेल्या मुलाचा फोटो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर छापलेला फोटो कोणी निवडला, हे मला कळले पाहिजे. घरच्या गॅरेजचे वर्कशॉप कसे करावे, या लेखाबरोबरचा फोटो. गाडीचे मागचे एक चाक काढले आहे, गाडी एका ट्रॉली जॅकवर उचलली आहे आणि एक तरुण मुलगा कंबरेपर्यंत तिच्याखाली शिरला आहे. घोडी, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायची लोखंडी तिवई, कुठेच दिसत नाही. पुढच्या चाकाला दगड लावलेला नाही. काढलेले चाक निदान गाडीखाली सरकवून ठेवतात, तेही भिंतीला टेकवून ठेवले आहे. आणि खाली त्या मुलाच्या जिद्दीचे कौतुक.

मी एसटीच्या आगारात अप्रेंटिस म्हणून लागलो आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. आगारात आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी पान्याला हात लावू दिला नव्हता. घोड्या आणायच्या, लावायच्या, गाडी त्यांच्यावर उतरवायची, हलवून बघायची, मग पुन्हा काढायच्या, एवढेच काम दिवसभर दिले. त्या दिवशी राग आला होता. आज तुमचा फोटो पाहून उस्तादांची आठवण झाली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घोडी म्हणजे जॅक स्टँड, लोखंडी तिवई. जॅकने गाडी उचलायची, घोड्या लावायच्या आणि गाडीचा भार त्यांच्यावर सोडायचा. जॅकमध्ये सगळा भार आतल्या तेलाच्या दाबावर आणि एका लहानशा व्हॉल्व्हवर असतो. सील झिजले किंवा व्हॉल्व्हच्या गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला, की जॅक बसतो. कधी हळूहळू बसतो, कधी एकदम. गाडीबरोबर कंपनी जो कात्रीचा जॅक देते तो फक्त पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी असतो, आणि त्यावर गाडी असताना खाली जाऊ नका असे कंपनीच्याच पुस्तकात लिहिलेले असते. तुमच्या लेखात हत्यारांची लांबलचक यादी आहे. पान्यांचा सेट, टॉर्क रेंच, कॉम्प्रेसर, स्कॅनर, भिंतीवर लावायचे रॅक, इतकेच काय, गिऱ्हाइकांसाठी खुर्च्यासुद्धा आहेत. घोड्या नाहीत. चांगली जोडी दोन-अडीच हजारांत मिळते.

आमच्या गल्लीत घडले ते लिहितो. त्या मुलाचे नाव देत नाही, घरची मंडळी आजही शेजारी राहतात. मुलगा आयटीआयचा, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड उत्तम मार्कांनी पास झालेला. एका सर्व्हिस सेंटरमध्ये काही काळ काम करून त्याने वडिलांच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये स्वतःचे काम सुरू केले. हात फार चांगला होता. बॉनेट न उघडता इंजिनातल्या टॅपेटचा आवाज ओळखायचा. गिऱ्हाइकाला काढलेला जुना पार्ट दाखवल्याशिवाय पैसे घेत नसे. अशा मुलांनी घरातूनच सुरुवात करावी, पागडी आणि भाडे भरून बाजारात दुकान कुठून घेणार, याबद्दल माझे तुमच्या लेखाशी काही भांडण नाही. पुष्कळ चांगले मिस्त्री घराच्या दारातच तयार झाले.

त्या सकाळी एक मारुती 800 होती. सायलेन्सर बदलायचा होता. गाडी फाटकाकडे तोंड करून उभी होती, मागची बाजू बॉटल जॅकवर उचलली होती आणि उंची पुरेना म्हणून जॅकखाली दोन विटा ठेवल्या होत्या. मी दूध घेऊन येत होतो. फाटकातून म्हणालो, "अरे, घोड्या कुठायत? थांब, माझ्याकडच्या आणतो." तो आतूनच म्हणाला, "काका, दहा मिनिटांचं काम आहे. दोन नट तर काढायचेत." मी घरी गेलो, घोड्या उचलल्या आणि परत येत होतो तेवढ्यात आवाज झाला.

काय झाले ते नंतर त्या जागेवर उभे राहून मी नीट पाहिले, कारण ते प्रत्येक घरच्या गॅरेजमध्ये होऊ शकते. सायलेन्सरचे नट गंजलेले असतात. पाना बसवून टामीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, जोर लावावा लागतो, आणि खाली झोपलेला माणूस जोर लावतो तेव्हा सगळी गाडी हलते. त्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाके हवेत गेली की हँडब्रेक ओढलेला असून नसल्यासारखा. गाडी न्यूट्रलमध्ये होती, म्हणजे पुढची चाके मोकळी. आणि बंगल्याच्या गॅरेजची फरशी सपाट नसते. धुण्याचे पाणी बाहेर जावे म्हणून गवंडी फाटकाकडे उतार देतो. गाडी वीतभर पुढे सरकली, जॅक तिरका झाला, विटांचा भुगा झाला. जॅकखालची शहाबादी फरशीही तडकली होती. मुरमावर टाकलेली शहाबादी माणसांनी चालण्यासाठी असते. जॅकच्या तळव्याएवढ्या जागेवर गाडीचा भार आला की ती तडकणारच.

साडेसहाशे किलोची ती लहानशी गाडी. चौघांनी मागचा बंपर धरून उचलली, मी घोड्या आत सरकवल्या आणि मग त्याला ओढून काढले. वाचला. खुब्याचे हाड आणि कमरेचे मणके गेले. दुसऱ्या दिवशी गाडीचा मालक दवाखान्यात आला, मागच्या पत्र्याला पोचा आला आहे तो कोण काढून देणार, हे विचारायला. दवाखान्याचे बिल त्याच्या आईच्या पाटल्यांनी भरले. आज तो एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसतो. उकिडवे बसता येत नाही, वजन उचलता येत नाही. अजूनही कोणी गाडी घेऊन दुकानासमोर थांबले की आवाज ऐकून काय बिघडले आहे ते सांगतो, आणि काम दुसऱ्याकडे पाठवतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

स्वतःचा धंदा करणाऱ्याला नुकसानभरपाई द्यायला मालक नसतो. तुमच्या लेखात भांडवलाचा हिशेब पैशापैशाने मांडला आहे, पण अपघात विम्याचा रकाना नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर 2 लाख मिळतात. फार नाहीत, पण बँकेत जाऊन फॉर्म भरायला कोणी सांगितले तर पाहिजे.

याच लेखात 'जागा असल्यास' दोन खांबांची लिफ्ट बसवावी असेही सुचवले आहे. लेखकाने फूटपट्टी घेतली होती का? लिफ्ट गाडी सहा फूट वर नेते. साधी हॅचबॅक पाच फूट उंच असते. झाले अकरा फूट. बंगल्यातले गॅरेज आठ-साडेआठ फुटांचे असते, आणि वर बहुधा बेडरूम असते. शिवाय लिफ्टचे खांब खालच्या काँक्रीटमध्ये बोल्टने बांधतात, त्या काँक्रीटची जाडी आणि ताकद कंपनी लिहून देते. शहाबादीवर लिफ्ट बसवायला कोणी निघाला तर जे होईल त्याला लेख जबाबदार असेल.

लिफ्ट परवडत नसेल तर खड्डा खणा, असे पुढचे वाक्य. खड्डा आम्हीही वापरत होतो. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते आणि खड्ड्यात साचते. आमच्या खड्ड्यात 24 व्होल्टचा हँडलॅम्प असायचा आणि पेट्रोलची टाकी उतरवण्याचे काम खड्ड्यावर कधीही करत नसत. घरी काय होणार? प्लगातून वायर ओढून साधा बल्ब आत सोडणार. बल्ब फुटला की संपले. तसेच शटर ओढून आत इंजिन चालू ठेवण्याचे. थंडीत किंवा शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून मुले शटर खाली घेतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आधी डोके दुखू लागते, आणि काय होते आहे ते कळेपर्यंत पायातले बळ गेलेले असते. गाडीच्या धुराड्याला लांब नळी लावून तिचे तोंड बाहेर काढायचे, एवढे एक वाक्य तरी लिहायला हवे होते.

आणि परवानगी. 'जागा स्वतःची असल्याने वेगळ्या परवानगीची गरज नाही, उद्यम नोंदणी पुरेशी' हे विधान चूक आहे. उद्यम नोंदणी म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी; ती आपणच आपल्याबद्दल ऑनलाइन दिलेल्या माहितीवर होते, त्यासाठी जागा पाहायला कोणी येत नाही. राहत्या इमारतीचा वापर बदलायचा तर 1966च्या नगररचना कायद्याप्रमाणे महापालिका किंवा नगरपालिकेची परवानगी लागते. गाडीतून काढलेले जळके ऑइल विकून वरखर्च निघतो, हेही बेजबाबदारपणे लिहिले आहे. ते 2016च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. एका गाडीचे तीन-चार लिटर निघते. ते गटारात गेले तर काय होते, हे ज्यांच्या घरी विहीर किंवा बोअर आहे त्यांना विचारा.

जाता जाता आणखी एक. बसस्थानकावर महिला कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीला आतून कडी नाही, नळाला पाणी नाही, यावर मी तुम्हाला गेल्या महिन्यात पत्र पाठवले होते. ते छापले नाही. पूर्वी वाचकांच्या पत्रांना रोज अर्धे पान असे, आता आठवड्यातून एकदा एक रकाना, तोही जाहिरात आली की गायब. रात्री उशिरा मुक्कामाच्या गाडीने येणारी बाई कडी नसलेल्या खोलीत कशी झोपणार? त्या पत्राची प्रत सोबत पुन्हा जोडतो आहे.

हे पत्र मोठे झाले आहे, कापावे लागेल याची कल्पना आहे. परवानगीचा परिच्छेद कापा, लिफ्टचा कापा. घोडीचा कापू नका. नुसते पत्र छापूनही भागणार नाही, कारण तो फोटो पाहिलेली मुले पत्रे वाचत नाहीत. येत्या रविवारी पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच आकारात दुसरा फोटो छापा. गाडी सपाट जागेवर, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, दोन्ही घोड्या कंपनीने खुणा केलेल्या जागी लावलेल्या, जॅक नुसता टेकवून ठेवलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहा की गेल्या रविवारचा फोटो चुकीचा होता. गाडी माझी, घोड्या माझ्या. छायाचित्रकाराला सकाळी नऊनंतर केव्हाही पाठवा, पत्ता पाकिटावर आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)