भिंतीपलीकडच्या अक्कांना

परभणी

आदरणीय अक्का,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन घरांत एकच भिंत. कुकरची शिट्टी कुणाकडची, हे दोन्हीकडं ओळखू येतं. तरी हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण दारात येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, चहा घेता का" म्हणून विषय मिटवला असता. शिवाय डेपोतले माझे जुने सोबती "ड्रायव्हरचा शिंपी झाला" म्हणून हसायलेत. त्यांनाही कळू द्या काय झालं ते.

गेल्या उन्हाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. विकतच्या लोअरचं इलास्टिक नेमकं टाक्यांवर बसायचं. त्यात कापड पॉलिस्टरचं आणि महिना मे, पारा 43 च्या पुढं. मानवतला कापसाच्या गाड्यांच्या रांगेमागं एस.टी. घेऊन मी किती वेळा अडकून पडलोय, आणि त्याच मुलखात मला एक सुती पायजमा मिळेना. चौकातल्या टेलरनं तर हातच झटकले, पायजमा शिवणं परवडत नाही म्हणे. तुम्ही गच्चीवर वाळवण घालत होता. माझी कुरकुर ऐकून म्हणालात, "भाऊ, एवढी मोठी गाडी हाकली की तुम्ही. पायडल काय जड हाय का?"

तुमच्या शिलाई मशीनचं पायडल जड नव्हतं, आडमुठं होतं. क्लच-ब्रेकवर जन्म काढलेले पाय, एकेक वेगळा चालवायची सवय. इथं दोन्ही पाय एकाच पाटीवर, टाच-चवडा असा झोका. चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. शेवटी तुम्ही दोराच काढून घेतलात. नातवाच्या दुरेघी वहीची पानं हातात दिलीत आणि रेघेवरून नुसती सुई चालवायला लावलीत. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरचे पहिले चार दिवस मी कागदाला भोकं पाडण्यात घालवले. कोपरा आला की सुई खाली रोवायची, मशीनचा पाय उचलायचा आणि मगच कापड फिरवायचं, हे मात्र एका फटक्यात जमलं. वळणावर घाई करायची नसते, ते मला कुणी शिकवायला नको.

पहिलं कापड मी माझ्या पसंतीनं आणलं, निळ्या फुलांचं. आधी भिजवा, असं तुम्ही बजावलं होतं. पण नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गल्लीत कोऱ्या कापडावर बादली रिती करणं जिवावर आलं. ते टाळलं, आणि पायजम्याचे दोन्ही पाय फुलं वर ठेवूनच बेतले. शिवायला बसलो तर दोन्ही उजवे! तुम्ही हसला नाहीत. (घरी जाऊन हसलात. भिंत पातळ आहे.) त्या फुलांच्या आता उशांच्या खोळी झाल्यात.

मग तुम्ही स्वतः दुकानात आलात. चौकडा घ्या म्हणालात, धागाच रंगवून विणलेला असतो, त्याला उलट-सुलट नाही, आणि चौकडीची रेघ धरून कात्री चालवली की उभा धागा चुकत नाही. नवशिक्यासाठी यापेक्षा सोपं कापड नसेल. तुम्ही ठाणं दोन बोटांत चोळून बघत होता. ज्याची खळ बोटाला लागली ते बाजूला सारलंत. तुमचे वडील नांदेडच्या उस्मानशाही कापड मिलमध्ये होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा बोललात. 44 इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर घेतलं. ह्या खेपेला रात्रभर भिजवलं. वाळवून टेप लावली तर दोन इंच आखडलेलं!

पण खरं सांगायचंय ते मापाचं. मी सवयीनं ताठ उभा राहिलो. तुम्ही खुर्ची पुढं सरकवलीत. "बसा. घरात काय उभंच राहणार हाव का?" कमरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत बाजूनं टेप धरलीत, साडेअकरा इंच. त्यात दीड इंच सैल, आणि मागचं आसन, म्हणजे दोन पायांमधला बैठकीचा भाग, पुढच्यापेक्षा दोन इंच उंच, म्हणजे बसलं-वाकलं तरी नेफा खाली ओढला जात नाही. अक्का, माझं सगळं आयुष्य बसून गेलं. परभणी-गंगाखेड, परभणी-जिंतूर. आणि खाकी पँटच्या मापाला मी दर वेळी शिंप्यापुढं उभा. गाडीतून उतरलो की पहिलं काम पट्टा वर ओढायचं. ते माझ्या पोटामुळं, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

बाकीचं भराभर झालं. आसनाला दोनदा टीप, दीड इंचाचा नेफा, त्यात सव्वा इंच रुंद इलास्टिक, कमरेपेक्षा फक्त दोन इंच कमी. सेफ्टी पिन लावून ओवलं. टाक्यांच्या जागी आता काही रुतत नाही. नंतर दोन खिशांची बंडीही शिवली, ती घालूनच हे लिहितोय.

आता कबुली. फर्मा काढताना जुना पेपर मी तुमच्याच कात्रीनं कापला. कापडाच्या कात्रीला कागद दाखवायचा नाही, हे तुम्ही सांगून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी कात्री मलमल चावायला लागली. तुम्ही कात्रीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि काहीच बोलला नाहीत. चार शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं.

काल गल्लीत धारवाला आला होता. समोर उभं राहून धार लावून घेतली. चौकड्याच्या उरलेल्या तुकड्यातून तिला पिशवी शिवलीय, एका जागी शिवण वाकडी आहे, तुम्हाला दिसेलच. पोराच्या हाती पाठवतो. हिच्या गाऊनचंही माप घेतलंय, बसवून. बाहीचं गणित काही जुळत नाही. रविवारी दुपारी येऊ का?

आपला,
भिंतीअलीकडचा भाऊ