आमच्या सुखाच्या वर्गाला विद्यार्थी पाठवा

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

दर बुधवारी संध्याकाळी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चौदा-पंधरा जण जमतो. सगळ्यांत धाकटी मी, वय ६८. विषय एकच, सुख म्हणजे काय? हा हास्यक्लब नाही, सत्संगही नाही. (दोन्हींबद्दल आदर आहे, काहींचा पाय तिथेही असतो.) आम्ही वाचतो आणि भांडतो.

सुरुवात अर्थात समर्थांपासून. ‘जगी सर्व सुखी असा कोण आहे’ हे लहानपणापासून पाठ. पुढे ‘तूंचि शोधूनि पाहें’ असंही सांगितलंय. ते शोधणं तेवढं राहून गेलं होतं. मग प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस आला. देहाला वेदना नाही, मनाला घोर नाही, की सुख पूर्ण झालं, असं त्याचं म्हणणं. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेले एक गृहस्थ उसळलेच, “दुखणं थांबलं तेव्हा मला झोप लागली. सुख नव्हे, झोप!” त्या वाक्यावर तीन बुधवार गेले.

खरा पेच टाकला तो सोलोन या जुन्या ग्रीक ज्ञानी माणसाने. क्रीसस या गडगंज श्रीमंत राजाला त्याने बजावलं होतं, शेवट पाहिल्याशिवाय कुणाला सुखी म्हणू नये. आमच्यातल्या एका बाईंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं अकरा वर्षं केलं. त्या म्हणाल्या, “तेव्हा विचारलं असतंत तर ‘कसलं डोंबलाचं सुख’ म्हणाले असते. आज म्हणेन, सुखाची वर्षं होती ती. यातलं खरं उत्तर कुठलं?” सगळे गप्प. मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलंय, मलाही सांगता येईना. खोटं कोण बोलतं, आजची आठवण की तेव्हाचा थकवा?

इथे तत्त्वज्ञान शिकणारं कुणीतरी हवं होतं. गेल्या वर्षी एक मुलगी दोनदा आली. गुडघेवाल्यांना तिने विचारलं, “काका, ती झोप म्हणजेच एपिक्युरसची शांती असेल तर?” काका अजून धुमसताहेत. मग तिची परीक्षा लागली.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते नीतिविचाराला तरुण माणूस कच्चाच, कारण गाठीला अनुभव नाही. आपण मात्र हा विषय विशीतच उरकतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्टचे, म्हणजे लोकांत जाऊन करायच्या कामाचे, क्रेडिट मिळतात. तत्त्वज्ञानाच्या मुलांनी तो प्रोजेक्ट आमच्यासारख्या गटांत केला तर चालेल, असं परिपत्रक आपण काढावं. सर्वेक्षणाचे फॉर्म नकोत आणि आमचं ‘मनोरंजन’ तर नकोच. मोठ्या टायपात छापलेली चार पानं आणावीत आणि वाद घालावा.

७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत झाली. आमच्यातले तिघे पंढरपूरला जाऊन आले, त्याबद्दल आभार. हे मागणं त्याहून स्वस्त आहे.

आणखी एक. हॉल बारशाला गेला की आम्ही तलावपाळीच्या कट्ट्यावर बसतो. तिथे हॉर्नपुढे कुणाचं काही ऐकू येत नाही. एखाद्या कॉलेजचा तळमजल्यावरचा वर्ग संध्याकाळी मोकळा असेल तर तेवढा उघडून मिळावा. बाकं चालणार नाहीत, पाठीच्या खुर्च्या हव्यात.

कॉलेजं सुरू व्हायच्या आत परिपत्रक निघालं तर पावसाळ्यातच मुलं येऊ लागतील. सासूबाईंचा प्रश्न तोवर आम्ही राखून ठेवतो.

आपली,
नौपाड्यातली एक निवृत्त शिक्षिका