आधी स्वतःच्याच नंबरावर पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टपाल खात्यात नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे पेट्या उघडायचे काम होते. वर्षातून दोन-चार वेळा तरी पेटीपाशी कोणीतरी ताटकळत उभे असे. "सकाळी टाकलेलं एक पाकीट परत देता का?" भाऊबंदकीत तावातावाने काहीबाही लिहिलेले असणार, हे चेहऱ्यावरूनच कळे. हातात पत्र देणे नियमात बसत नसे. त्यासाठी पोस्टात अर्ज करावा लागे. मनातल्या मनात मी त्या लोकांना हसत असे.

या उन्हाळ्यात माझ्यावरच ती पाळी आली. आमच्या सोसायटीत दोन दिवस पाणी नव्हते. रात्री पावणेबाराला मी ग्रुपवर लिहिले की, सेक्रेटरींचे टँकरवाल्याशी साटेलोटे आहे. पुरावा? काही नाही. घाम, रिकाम्या बादल्या आणि चिडचिड, एवढेच. पाच मिनिटांत सहा-सात अंगठे पडले आणि मला शांत झोप लागली. सकाळी कळले की पंपाची मोटर जळाली होती आणि ती वाइंडिंगला टाकायला सेक्रेटरी स्वतः रात्री रिक्षाने कल्याणला गेले होते. मी घाईघाईने मेसेज काढला. पण तिथे 'मेसेज काढून टाकला' अशी ओळ राहतेच. ज्यांनी वाचला नव्हता तेही विचारू लागले, "काका, काय लिहिलं होतंत?" तोवर त्याचा स्क्रीनशॉट नाशिकला माझ्या मुलीपर्यंत पोहोचला होता.

माफी मागायला गेलो तेव्हा सेक्रेटरी एवढेच म्हणाले, "एक फोन करायचात ना." ते अजून सलते.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांत दुरुस्त करता येतो, साधारण दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी काढूनही टाकता येतो. या सगळ्या सोयी बाण सुटल्यानंतरच्या. सुटण्याआधीचा अडसर मात्र आपला आपणच घालायचा. अडसराचा उपयोग होतो, हे दिसलेले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी आधीच डोकी भडकलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. त्यानंतर असे मेसेज 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. माणसे तीच होती. फक्त बोट जरा जास्त वेळा उचलावे लागू लागले.

मी आता एक करतो. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. राग आला की सगळे तिथे लिहायचे, अगदी शिव्यांसकट, आणि सकाळी चहा झाल्यावर वाचायचे. दहातले आठ मेसेज मलाच पुढे पाठवावेसे वाटत नाहीत. या पत्राच्या पहिल्या खर्ड्यातला आमच्या नगरसेवकांवरचा एक परिच्छेदही तिथेच पडून आहे.

याचा अर्थ तोंड शिवून बसावे असा नाही. गटाराचे झाकण उघडे असेल, रस्त्यावर तार लोंबत असेल, तर फोटो काढून त्याच क्षणी टाकावा. तिथे सकाळची वाट पाहणे हा गुन्हाच. जे डोळ्यांना दिसते ते लगेच लिहावे. एखाद्याच्या मनात काय होते, त्याने कोणाकडून किती खाल्ले, हे मात्र रात्री पावणेबाराला कोणालाच कळत नाही.

ग्रुपमध्ये फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल, अशी सोय आहे. रात्री दहा ते सकाळी सात ती लावून ठेवावी आणि तातडीचे काही असेल तर सरळ फोन करावा, असा ठराव मी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. सेक्रेटरींनी अनुमोदन द्यायचे कबूल केले आहे. मंजूर होईल असे मात्र वाटत नाही. रात्री अकरानंतरच आमच्या ग्रुपला खरा रंग चढतो.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)