पवनचक्कीच्या जाहिरातीत आकड्यामागचा हिशेबही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहून आता बरीच वर्षे झाली. साताऱ्याकडे वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर आणि आपल्या शिराळ्यात गुढे पाचगणी, इथल्या चक्क्याही आता कुणाला नव्या वाटत नाहीत. पहिल्या खेपेला बसवलेली अडीचशे-साडेतीनशे किलोवॉटची यंत्रे जुनी झाली आहेत, आणि ती उतरवून त्याच जागी मोठी यंत्रे बसवावीत यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये धोरण आणले व २०२३ मध्ये ते सुधारले. म्हणजे जमिनीचे करार, रस्ते, ग्रामसभेचे ठराव हे सारे विषय पुन्हा निघणार आणि त्यांच्यामागोमाग जाहिराती येणार. आमच्याकडे त्या आल्याही आहेत. पवनचक्की हवी की नको हे ज्या त्या गावाने ठरवावे. मात्र ठरवताना गावापुढे ठेवली जाणारी माहिती खरी असावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

गेल्या महिन्यात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन पत्रके वर्तमानपत्राच्या घडीतून घरी आली. दोन्ही मी जपून ठेवली आहेत. पहिले गुळगुळीत कागदावरचे, रंगीत. हिरवागार डोंगर, त्यावर पांढरी पवनचक्की, पायथ्याशी दप्तर घेतलेली मुलगी आणि मोठ्या टायपात ‘एक पवनचक्की, १४,६०० घरे प्रकाशमान’. अगदी खाली बारीक अक्षरात यंत्राची क्षमता दिली आहे, दोन मेगावॉट. आयुष्यभर शाळेत विज्ञान आणि गणित शिकवल्यामुळे हात आपोआप पेन्सिलीकडे गेला आणि पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी हिशेब मांडला. दोन मेगावॉट म्हणजे दोन हजार किलोवॉट. वर्षाचे तास ८,७६०. एक किलोवॉट तासभर म्हणजे एक युनिट, तेव्हा गुणाकार होतो १ कोटी ७५ लाख २० हजार युनिट. एका घराला महिन्याला शंभर, म्हणजे वर्षाला १,२०० युनिट धरून भागाकार केला की उत्तर बरोबर १४,६०० येते. गुणाकार-भागाकार चोख आहे. खोट आहे ती गृहीतकात. हे यंत्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, रात्रंदिवस, पूर्ण ताकदीने चालेल असे धरूनच तो आकडा काढलेला आहे.

असा वारा कुठल्याच डोंगरावर वाहत नाही. पूर्ण क्षमता गाठायला पवनचक्कीला साधारण सेकंदाला बारा मीटर वेगाचा वारा लागतो, आणि वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे वेग निम्म्यावर आला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पवनऊर्जेचे दर ठरवताना वाऱ्याच्या जोरानुसार जागांचे वर्ग पाडले आणि क्षमतेच्या साधारण २२ ते ३२ टक्के इतकीच निर्मिती गृहीत धरली. आपण २५ टक्के धरू. वर्षाला ४३ लाख ८० हजार युनिट होतात आणि घरे होतात ३,६५०. जाहिरातीतला आकडा त्याच्या चौपट आहे. एका यंत्रातून साडेतीन हजारांवर घरांपुरती वीज निघणे हीसुद्धा काही लहान गोष्ट नाही. खरा आकडा सांगूनही या यंत्राची बाजू भक्कमपणे मांडता आली असती, याचेच मला अधिक वाईट वाटते.

ते पत्रक वाचून शेजारच्या मावशी आमच्याकडे आल्या आणि त्यांनी विचारले, “बाई, म्हणजे आता आपलं लाइटबिल यायचं नाही ना?” त्यांचे काहीच चुकले नाही. ‘घरे प्रकाशमान’ म्हटल्यावर माणूस आपलेच घर डोळ्यांपुढे आणणार. वास्तविक माळावर तयार होणारी वीज उपकेंद्रातून ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यात जाते, तिथून ती कुठेही वापरली जाते, आणि चक्की आपल्या शिवारात उभी आहे म्हणून गावाचे बिल एका पैशानेही उतरत नाही. शिवाय आपल्याकडे वारा मुख्यतः मोसमी. वर्षभरातल्या विजेचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच निघतो, आणि विहिरीवरची मोटर चालवण्यासाठी शेतकरी विजेची वाट पाहत बसतो तो मार्च-एप्रिलमध्ये. जमीन देऊ की नको या विचारात असलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी सही करण्याआधी कळायला हव्यात. पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही.

दुसरे पत्रक विरोधकांचे. साधा कागद, एकरंगी छपाई. मथळा ‘पवनचक्क्या आल्या, पाऊस गेला’, आणि खाली पेटलेल्या पवनचक्कीचे छायाचित्र, जणू ही आग आपल्याच तालुक्यात लागली होती. मी भिंग घेऊन पाहिले. मागच्या रस्त्यावरून एक मालट्रक समोरून येताना दिसतो, आणि तो छायाचित्र काढणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे, म्हणजे त्या रस्त्यावर वाहने उजव्या बाजूने चालतात. ते चित्र भारतातले नाही. पवनचक्कीला आग लागू शकते हे खरे आहे, पण परदेशातल्या आगीचे चित्र ठिकाण न सांगता गावकऱ्यांपुढे धरणे ही फसवणूक आहे.

पावसाविषयीच्या समजुतीला मात्र मी हसणार नाही, कारण ती आमच्या भागात कुठून आली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पावसाळ्यात ढग भरून येतात, वाऱ्याबरोबर पूर्वेला पळतात, एक थेंब पडत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी माळावरच्या चक्क्या सर्वांत जोरात फिरत असतात. पेरणी करून आभाळाकडे पाहत बसलेला माणूस या दोन गोष्टी एकमेकींशी जोडणारच. पण दोन्हींचे कारण एकच आहे, तो जोराचा वारा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-आटपाडीत पाचशेच्या आसपास. हा फरक सह्याद्रीच्या भिंतीने केलेला आहे आणि तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीही होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे अजून आमच्या गावांत आहेत, आणि तेव्हा या डोंगरांवर एकही पवनचक्की नव्हती. उलट वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्या उभ्या असतानाच ऑगस्ट २०१९ मध्ये कोयना-कृष्णेच्या पाण्याने सांगली शहर बुडाले. फिरत्या पात्यांमागे हवा घुसळली जाते आणि जमिनीलगतच्या तापमानात थोडा फरक पडतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. पण कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला मोसमी बाष्पाचा प्रवाह दीड-दोनशे मीटरवर फिरणारी पाती हाकलून लावतील, हे संभवत नाही.

निसर्गाच्या बाबतीत दोन्ही पत्रकांनी टोकच गाठले आहे. एक म्हणते ‘निसर्गाला शून्य धोका’, दुसरे म्हणते ‘सगळे पक्षी संपले’. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले, आणि ते कमी झाल्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असणाऱ्या सरड्यांची संख्या वाढलेली दिसली. म्हणजे परिणाम होतो, तो मोजता येतो, आणि त्याचे स्वरूप दोन्ही घोषणांपेक्षा वेगळे आहे. आपल्याच जिल्ह्यांच्या शेजारी झालेले हे काम एकाही पत्रकात यावे असे कोणाला वाटले नाही.

परदेशातही दोन्ही बाजू अशाच चुकल्या, पण तिथे त्यांना टोकणारे कोणी होते. ब्रिटनमध्ये पवनऊर्जा उद्योगाची संघटना एका युनिटमागे ८६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो असे सांगत असे. तिथल्या जाहिरात मानक संस्थेने लक्ष घातल्यावर २००८ मध्ये तो आकडा निम्मा, ४३० ग्रॅम करावा लागला. २०१२ मध्ये त्याच संस्थेने स्कॉटलंडमधील पवनचक्कीविरोधी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली, कारण स्कॉटलंडचे भविष्य म्हणून तिने दुसऱ्याच देशातल्या मोडक्या चक्क्या दाखवल्या होत्या. आमच्याकडे आलेल्या पत्रकातली आग पाहताना मला हेच प्रकरण आठवले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते, आणि ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ अशा मोघम दाव्यांना पुरावा हवा अशी मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाली. अडचण अशी की कायद्यातली व्याख्या वस्तू आणि सेवा यांच्याभोवती फिरते. पवनचक्कीसाठी जमीन देणारा शेतकरी काही विकत घेत नसतो, ग्रामसभेचे मत वळवण्यासाठी काढलेले पत्रक काही विकत नसते, आणि विरोधकांचे पत्रक तर मतप्रदर्शन म्हणूनच सुटते. म्हणून ज्या जाहिरातींनी गावाच्या जमिनीचा पंचवीस-तीस वर्षांचा निर्णय होतो, त्यांनाच विचारणारे कोणी उरत नाही.

म्हणून मी आपल्याकडे आले आहे. घडीत पत्रके विक्रेत्याच्या पातळीवर घातली जातात याची मला कल्पना आहे, तरीही वाचकाच्या हातात ती आपल्या अंकाबरोबरच पडतात आणि खेड्यात ‘पेपरात आलंय’ म्हटले की पुढे वाद होत नाही. माझी विनंती आहे की पवनऊर्जेच्या बाजूची वा विरोधातली जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने मोठ्या टायपातल्या आकड्याचा आधार लेखी मागावा. क्षमतेचा आकडा असेल तर वर्षाची अपेक्षित निर्मिती युनिटमध्ये, तितक्याच ठळक अक्षरांत छापायला लावावी. आणि प्रत्येक छायाचित्राखाली ते कुठले आणि कधीचे हे द्यायला सांगावे. बातमीसारख्या मांडणीत छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द स्पष्ट असावा, हे तर भारतीय वृत्तपत्र परिषदेचेही म्हणणे आहे. पत्रके वाटणाऱ्या विक्रेत्यांनाही आपण निदान एवढे सांगू शकाल की ज्यावर प्रकाशकाचे व मुद्रकाचे नाव नाही असे पत्रक अंकात घालू नये. माझ्याकडच्या दुसऱ्या पत्रकावर ते नाही.

दोन्ही पत्रकांच्या छायाप्रती आणि पहिल्याच्या पाठीवरचा हिशेब सोबत जोडला आहे. मावशींना तो मी समजावून सांगितला आहे, आणि येत्या ग्रामसभेत तो वाचून दाखवण्यासाठी सरपंचांकडे वेळ मागितली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली