पाऊण गाठ कोणती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुने सॉफ्टवेअर फेकून नवेच लिहून घ्यावे, असा सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. जळगावात वीस वर्षे व्यापाऱ्यांचे प्रोग्राम सांभाळतो आहे, म्हणून चार ओळी.

एका जिनिंगचा (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा) रुईचा हिशोब मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत, पायथन 2 मध्ये, लिहिला होता. 1 जानेवारी 2020 ला त्या आवृत्तीची देखभाल थांबणार, हे मालकांच्या कानावर कितीदा तरी घातले. उत्तर ठरलेले : ‘चाली राहिनं ना भो, मंग कसाले हात लावस?’ शेवटी जुना संगणक बसला, नव्यावर पायथन 3 आला आणि दसरा, म्हणजे हंगाम, तोंडावर असताना मला दोन दिवस मिळाले. (शेड उन्हाळाभर रिकामी होती!)

रूपांतराचे आयते साधन चालवले. त्याने प्रिंटला कंस घातले, भागाकार तसाच ठेवला. गाठ धरायची 170 किलोची. 4200 किलो रुईच्या जुना पायथन 24 गाठी सांगायचा आणि उरलेली 120 किलो उद्यावर ओढायचा. नवा म्हणाला 24.7 गाठी, शिल्लक शून्य. प्रोग्राम अडला नाही, चूक दाखवली नाही. गाठी बांधणाऱ्या प्रेसवरच्या फिटरने ‘पाऊण गाठ कोणती?’ विचारले तेव्हा कळले. भागाकाराची एक तिरपी रेघ होती तिथे दोन दिल्या (दोन दिल्या की अपूर्णांक गळतो), मिटले. पावतीवरच्या नावांनी मात्र रात्र खाल्ली. ‘रावेर’ या गावाच्या नावाची लांबी जुना पायथन बाइट (साठवणीचे एकक, देवनागरीच्या एका चिन्हाला तीन) मोजून 15 सांगे, नवा चिन्हे मोजून 5. नावाच्या रकान्याला मी 30 जागा दिलेल्या. त्यात पूर्वी जेमतेम दहा चिन्हे मावत. आता खरोखरच 30 झाल्या आणि वजनाचा आकडा कागदाबाहेर गेला.

मग नवेच का लिहू नये? त्या प्रोग्रामात घटीची (वजनातल्या तुटीची) एक विचित्र अट आहे. ती घालायला सांगणारे दिवाणजी निवृत्त झाले, कारण मीही विसरलो. पण ती काढली की हिशोब जुळत नाही. कोरा कागद घेऊन बसणारा ही अट आणणार कुठून? म्हणून मी मागच्या हंगामाच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत. थोडे बदलायचे, सगळ्या पावत्या पुन्हा काढायच्या, आकडा आकड्याला लावून बघायचा. वेळखाऊ काम आहे आणि पडद्यावर त्याचे काहीच दिसत नाही.

मालकांची रावेरकडे केळी आहे. तिथे बुंध्याशी फुटणारी पिलं कापायची मजुरी ते बिनबोभाट देतात. यंदा माझ्या बिलात ‘प्रोग्रामची साफसफाई, मे महिना’ अशी वेगळी ओळ टाकली आहे. तेवढ्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून बिल परत पाठवले.

आपला,
एक प्रोग्रामर, जळगाव